मेसेजला हेल नसतो



शाळा संपवून मुलं बाहेरगावी शिकायला गेली की आम्हा शिक्षकांकडं दोन तक्रारी हमखास येतात. पहिली बापाची : "मॅडम, पोरगं पुण्याला गेल्यापास्नं नीट बोलत नाही. काय पण लिवा, नुसतं 'ओके' म्हणतंय." दुसरी दिवाळीच्या सुट्टीत त्याच पोराची : "मॅडम, बाबा सारखे टोमणे मारतात ओ." दोघंही खोटं बोलत नसतात. मोबाईल पुढं करून दाखवतात. बापानं लिहिलेलं असतं, "आज आमची आठवण झाली म्हणायची. सूर्य पश्चिमेला उगवला काय?" हे लिहिताना बाप दुकानात बसून स्वतःशीच हसत होता. पोरानं ते वाचलं होस्टेलच्या खाटेवर, रात्री अकराला, चाचणीत मार्क कमी पडले त्याच दिवशी. त्यानं 'ओके' लिहिलं. बापानं ते वाचलं आणि आतल्या खोलीकडं बघून म्हणाला, "माज आलाय."

यात वाईट कुणीच नाही. त्या ओळीत बापाचा आवाज नव्हता, एवढंच झालं. या 'एवढंच'बद्दल आज तुम्हा पालकांशी जरा बोलायचं आहे.

आपल्या कोल्हापुरात माया सरळ बोलून दाखवायची पद्धत नाही. महिनाभरानं भेटलेल्या मित्राला "तुझी आठवण येत होती" असं कुणी म्हणालं तर समोरचा घाबरेल, काय आजारीबिजारी आहे की काय म्हणून. आपण म्हणतो, "काय मर्दा, जिवंत हायस व्हय?" पोरगं गावाहून आलं की आई दारातच, "आलास व्हय एकदाचा? बस, गिळ आता," असं म्हणते आणि ताटात भाकरी पडलेली असते ती तव्यावरची, वाटीत तांबडा रस्सा काठोकाठ. 'गिळ' हा शब्द तिच्या तोंडी शिवी नसतो हे पोराला लहानपणापासून ठाऊक असतं. कारण शब्दाबरोबर हेल येतो, डोळे येतात, पाठीवर थाप येते. बाहेरचा पाहुणा ऐकून दचकतो, त्याला वाटतं घरात भांडण लागलंय. आपल्याला तसं वाटत नाही, कारण आपण शब्द ऐकतच नाही. आपण चाल ऐकतो.

मेसेजमध्ये हे सगळं गळून पडतं आणि उरतं ते फक्त 'जिवंत हायस व्हय'. त्यातही आणखी एक गोची आहे. बोलताना आपण 'व्हय' म्हणतो, 'ये की', 'खा की' म्हणतो. पण मोबाईल हातात आला की शाळेत शिकलेली मराठी आठवते. मग 'जिवंत हायस व्हय'चं होतं 'जिवंत आहेस का?' बघा वाचून. 'व्हय'मध्ये जी ऊब होती ती गेली आणि वाक्य पोलीस ठाण्यातनं आल्यासारखं झालं. माझं तर मत आहे, मुलांना लिहिताना घरची बोली बिनधास्त वापरावी. 'जेवलास का?' पेक्षा 'जेवलास न्हवं?' हे पुण्यातल्या खोलीत जास्त घरचं वाटतं.

आपलं लिहिलेलं दुसऱ्याला आपल्याच सुरात ऐकू जातं, हा भ्रम फक्त आपलाच नाही. 2005 साली अमेरिकेत जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना काही वाक्यं दिली, काही सरळ, काही उपरोधाची. कुणी ती आवाजातून पोचवायची, कुणी ई-मेलनं. समोरच्यानं ओळखायचं, सरळ की टोमणा. पाठवणाऱ्यांची खात्री होती की शंभरातली सुमारे 78 वाक्यं तरी बरोबर ओळखली जातील, मग ती बोललेली असोत की लिहिलेली. आवाजाच्या बाबतीत अंदाज फारसा चुकला नाही, 73 च्या आसपास उत्तरं बरोबर आली. ई-मेलच्या बाबतीत आली 56. नाणं उडवून छापा-काटा केला असता तरी 50 आलीच असती! आणि गंमत पुढं आहे : वाचणाऱ्यांनाही आपण बरोबरच ओळखलं याची पक्की खात्री होती. म्हणजे बाप निर्धास्त, पोरगंही निर्धास्त, आणि मधल्यामध्ये मजकूर उलटा.

असं का होतं, हे घरच्या घरी बघता येतं. टेबलावर बोटांनी एखाद्या ओळखीच्या गाण्याचा ठेका वाजवा आणि मुलांना गाणं ओळखायला सांगा. तुमच्या डोक्यात सनई-चौघडा सगळं वाजत असतं; मुलांना ऐकू येते ती नुसती टकटक. 1990 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधक विद्यार्थिनीनं हेच करून पाहिलं होतं. 120 वेळा वाजवलं, गाणं ओळखलं गेलं फक्त 3 वेळा. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता, निम्मी तरी ओळखली जातील. मेसेज लिहिताना आपण टकटक पाठवतो आणि समोरच्यानं गाणं ऐकलं नाही म्हणून रुसतो.

आता तुम्ही म्हणाल, पूर्वी लोक पत्रं लिहीतच होते की, तेव्हा कुठं एवढे गैरसमज व्हायचे? व्हायचे. पण पत्र लिहिणाऱ्याकडं काही सोयी होत्या. लग्नाच्या पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलेलं असायचं. पाकीट फोडायच्या आधीच आत काय आहे ते कळायचं. वाईट बातमीच्या कार्डावर वर 'श्री' नसायचा, कोपरा फाडलेला असायचा. पोस्टमन देताना हळू आवाजात बोलायचा आणि ते कार्ड घरात न आणता उंबऱ्याबाहेर वाचून फाडून टाकायचे. अक्षर वाचायच्या आधी सूर कळायचा. मग मायना. वडिलांना 'तीर्थरूप', धाकट्याला 'चिरंजीव', 'अनेक उत्तम आशीर्वाद', शेवटी 'कळावे' आणि पुन्हा आशीर्वाद. आपण त्याला घोकंपट्टी म्हणून हसलो. पण बघा, बापाला पोरावर कितीही राग आलेला असो, त्याला आधी आशीर्वाद लिहावाच लागायचा आणि शेवटीही लिहावाच लागायचा. शिव्या मध्ये. पोरगं त्या शिव्या दोन आशीर्वादांच्या मध्ये वाचायचं. आता आपण फक्त मधली ओळ पाठवतो.

मायना परत आणा असं मी म्हणत नाही. व्हॉट्सॲपवर 'तीर्थरूप बाबांस' असं आलं तर बाप हार्ट स्पेशालिस्टकडं जाईल. पण त्या मायन्याचं काम कोण करणार, हा प्रश्न शिल्लक राहतो.

नववीच्या वर्गात मी एक खेळ घेते. फळ्यावर एक वाक्य लिहायचं : "वा! किती लवकर आलीस." मुलांनी ते वेगवेगळ्या सुरांत म्हणायचं. कौतुकानं, आश्चर्यानं, रागानं, टोमण्यानं. यात सगळे पटाईत, टोमण्याला तर वर्गात चढाओढ लागते. मग मी सांगते, आता तोंड बंद, लिहून दाखवा. वाक्य बदलायचं नाही, पुढं फक्त एक वाक्य जोडायचं, आणि वाचणाऱ्याला दुसरा अर्थ लावताच आला नाही पाहिजे. एका मुलीनं लिहिलं, "वा! किती लवकर आलीस. शाळा सुटायला अजून दहा मिनिटं आहेत." मागच्या बाकावरच्या मुलानं लिहिलं, "वा! किती लवकर आलीस. मला वाटलं एसटी चुकली तुझी." पहिलं वाक्य तेच, अक्षरही न बदलता. एक टोमणा, एक माया. सगळा सूर दुसऱ्या वाक्यात.

म्हणून पालकांना मी हट्टानं सांगते, दुसरं वाक्य लिहा. "आज आमची आठवण झाली म्हणायची" लिहायचंच असेल तर लिहा, पण तिथं थांबू नका. पुढं लिहा, "सकाळपासून तुझ्याच फोनची वाट बघत होतो." हे लिहिताना अंगठा अडखळतो, मला माहीत आहे. बापाचा तर जास्तच. कोल्हापुरी माणसाला पैलवानाशी कुस्ती धरायला सांगा, तो धरेल. 'वाट बघत होतो' लिहायचं म्हटलं की त्याला घाम फुटतो. पण तोंडावर न बोलता येणारं लिहून मात्र टाकता येतं, हा लिहिण्याचा एक फायदाच आहे. तेवढा तरी घ्या.

लिखाणात सूर उतरतच नाही असं नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांच्या कथा घ्या. द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्याबरोबर त्यांनी कथाकथनानं महाराष्ट्र हसवला, पण त्या कथा छापील पानावरही हसवतात. वर्गात मात्र मी बघते, घरात त्या कथांतली बोली नसलेला मुलगा एखादा उतारा वाचतो तेव्हा कुणी हसत नाही. करवीर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातली मुलगी उठून तोच उतारा वाचते आणि वर्ग फुटतो. छापलेली अक्षरं तीच. लेखकानं सूर ठेवलेला असतो. बोलीचा कान असला की तो सापडतो. आणि लेखकाकडं तरी तो सूर बसवायला पानंच्या पानं असतात, माणसं उभी केलेली असतात. आपल्याकडं एक ओळ आणि दोन निळ्या टिकल्या.

उपहास कळायला आणखी एक गोष्ट लागते, मूळ माहीत असावं लागतं. आचार्य अत्र्यांनी 1925 साली 'झेंडूची फुले'मध्ये 'केशवकुमार' या नावानं त्या काळच्या कवींची, रविकिरण मंडळाच्या थाटाची टर उडवली. ज्यांना त्या कवितांचा थाट माहीत होता ते पोट धरून हसले. ज्यांना नव्हता त्यांना ही आणखी एक कवितांची चोपडी वाटली असणार. तुमची मुलगी मोबाईलमध्ये बघून खिदळते आणि तुम्हाला दाखवल्यावर तुम्ही "यात हसण्यासारखं काय आहे?" म्हणता, तेव्हा हेच झालेलं असतं. तिला मूळ माहीत आहे, तुम्हाला नाही. तिथं रागवायचं नाही, विचारायचं. मुलं समजावून सांगतात, जरा कीव करत का होईना.

चिन्हांचं काय, असं कुणीतरी विचारणारच. हसरे चेहरे निघाले ते नेमक्या याच अडचणीतून. 1982 मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात लोक संगणकावरून एकमेकांना मजकूर लिहायचे. लिफ्टमध्ये पारा सांडल्याची एक चेष्टा कुणीतरी केली आणि काहींनी ती खरी धोक्याची सूचना समजली. तेव्हा स्कॉट फाहलमन या संगणकतज्ज्ञानं 19 सप्टेंबरला सुचवलं, चेष्टा असेल तर पुढं विसर्गचिन्ह, आडवी रेघ आणि कंस काढा. आडवा हसरा चेहरा दिसतो. चेष्टा खरी वाटली तर काय होतं, हे कोल्हापूरकरांना वेगळं समजवायला नको. पावसाळ्यात सगळ्या शहराची नजर राजाराम बंधाऱ्यावरच्या पंचगंगेच्या पातळीवर असते, 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. 2019 आणि 2021 चा पूर ज्यांनी पाहिला त्यांच्यापैकी कुणाला त्या आठवड्यात "पाणी जिन्यापर्यंत आलंय, होडी पाठवा" अशी चेष्टा आली तर तो हसणार नाही, तो आधी फोन लावेल. पुराच्या दिवसांत ग्रुपवर चेष्टा नको, हा आमच्या घरातला नियम आहे, आणि त्याला चिन्हाची सूट नाही.

शिवाय ही चिन्हंही घरात सगळे एकाच अर्थानं वापरत नाहीत. तुम्ही प्रेमानं पाठवलेला साधा हसरा चेहरा बऱ्याच मुलांना कुत्सित वाटतो. वर केलेला अंगठा तुमच्यासाठी 'छान, कळलं'. त्यांच्यासाठी 'विषय संपव'. कवटी बघून तुम्ही हादरता, त्यांचा अर्थ 'हसून हसून मेलो'. वाक्याच्या शेवटच्या टिंबाचीही तीच तऱ्हा. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या 2015 च्या एका अभ्यासात, मोबाईलवरच्या एका शब्दाच्या उत्तरापुढं पूर्णविराम असेल तर ते वाचणाऱ्याला कमी मनापासूनचं वाटतं असं दिसलं. तो अभ्यास इंग्रजी मजकुराचा. पण आमच्या मुलांना विचारा, 'बरं' आणि 'बरं' पुढं टिंब यांत काय फरक आहे. एका सुरात सांगतात, "टिंब म्हणजे आई चिडलीय." मराठीची शिक्षिका म्हणून मला हे फार जड जातं. मी आयुष्यभर पूर्णविराम द्या म्हणून लाल शाई वाया घालवली आहे.

लहान मुलांच्या आया-बापांनी हा भाग न वाचता सोडू नये. टोमणा कळणं हे वयाबरोबर येतं. साधारण पाच-सहाव्या वर्षी मूल त्याचा अंदाज घ्यायला लागतं, तेही आवाजावरून, आणि नीट कळायला पुढं काही वर्षं जातात. चार वर्षांच्या पोराच्या हातून दूध सांडलं आणि तुम्ही "हां, सांड, अजून सांड," म्हणालात तर ते मनापासून अजून सांडतं. वर फटका खातं. त्याला काय कळलं? सांगितलं ते केलं म्हणून मार बसला. आणि काही मुलं मोठी झाली तरी त्यांना उपरोध अवघडच जातो. स्वमग्न मुलांमध्ये हे पुष्कळदा दिसतं. अशा मुलाशी सरळ बोला आणि शिक्षकांनाही तसं सांगून ठेवा. तो 'बावळट' नाही. तुम्ही म्हणालात त्यावर त्याचा विश्वास आहे.

आता जरा गंभीर विषय. आठवीतल्या एका मुलानं दुसऱ्याला लिहिलं, "उद्या ये तू, तंगडीच मोडतो." मजकूर त्या दुसऱ्या मुलाच्या आईनं पाहिला, तिनं त्याचा फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि सकाळपर्यंत दोन पेठा एकमेकींसमोर उभ्या. बोलावून विचारलं तर कळलं, फुटबॉलच्या मॅचचं बोलणं चाललं होतं. त्याच्या वरच्या दहा ओळी कुणी पाठवल्याच नव्हत्या. फोटो काढला की मजकूर आपल्या घरातनं उचलून परक्याच्या दारात नेऊन ठेवल्यासारखा होतो. आणि कागद दाखवला म्हणजे खरंच झालं असंही नसतं. ज्या पत्रांच्या भरवशावर कोल्हापूर संस्थानच्या कारभाऱ्यावर 'केसरी' आणि 'मराठा'नं आरोप छापले ती बनावट ठरली, आणि 1882 मध्ये टिळक-आगरकरांसारख्या माणसांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. आगरकरांनी पुढं त्यावर पुस्तकच लिहिलं. तेव्हा वरच्या दहा ओळी मागून घ्या, मग काय ते बोला.

पण दुसरी बाजूही आहे, आणि तिच्याबद्दल मी जास्त कडक आहे. 'चेष्टा केली ओ' हे पोरांचं सगळ्यात सोयीचं उत्तर असतं. एखाद्याला रोज त्याच्या रंगावरून, जाडीवरून, बोबड्या बोलण्यावरून लिहायचं आणि विचारलं की हसरा चेहरा दाखवायचा. अशा वेळी मी मुलाला सांगते, हे जसं लिहिलंस तसं त्याच्यासमोर उभा राहून मोठ्यानं वाच, आणि वाचताना त्याच्या तोंडाकडं बघ. तंगडीवाला मुलगा वाचताना दोघंही हसून खाली बसले. दुसऱ्या एका प्रकरणात वाचणारा दुसऱ्या ओळीलाच थांबला.

घराबाहेरच्या जगाला तर तुमच्या मुलाचा चेहरा माहीतच नाही. 2012 च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलेल्या चार ओळींवरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. एकीनं लिहिलं होतं, दुसरीनं फक्त पसंती दिली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या 66-अ कलमावरून तेव्हा देशभर वाद झाला ते सर्वोच्च न्यायालयानं 24 मार्च 2015 ला रद्द केलं, पण म्हणून बाकीचे कायदे गेले नाहीत. आणि मोबाईलच्या स्टेटसवरून 7 जून 2023 ला आपल्याच शहरात कसा दंगा उसळला, इंटरनेट कसं बंद करावं लागलं, हे तुम्ही पाहिलं आहे. तो काही टोमण्याचा मामला नव्हता. पण स्टेटस हे 'आपल्या चार मित्रांसाठी' असतं ही पोरांची समजूत त्या दिवशी तरी पुसली गेली असेल असं मला वाटलं होतं. नाही पुसली.

"मग मॅडम, आता चेष्टासुद्धा करायची नाही काय?" मागच्या पालकसभेत एका वडिलांनी विचारलं. करा की. चेष्टेवाचून कोल्हापूरचा माणूस जगायचा नाही. पोरगं रविवारी येईल तेव्हा रंकाळा तलावावर भेळ खाताना पोटभर टोमणे मारा, तेही मारेल, आणि त्याचे तुमच्यापेक्षा भारी असतील. लांब असेल तर फोन करा. अगदीच राहवलं नाही तर व्हॉइस नोट पाठवा. 'जिवंत हायस व्हय' आपल्या आवाजात गेलं की काम झालं. फक्त ती अर्ध्या मिनिटाच्या आत असू द्या आणि मागं मिक्सर चालू नको. चार मिनिटांची असली की पोरं ती दुप्पट वेगानं लावतात, असं त्यांनीच मला सांगितलंय, आणि दुप्पट वेगात आपला हेल खरोखरच भांडल्यासारखा वाटतो.